डोके म्हणजे बीपीचे मशीन नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत उच्च रक्तदाबावर अर्धे पान होते. मजकूर चांगला होता; मिठाचा परिच्छेद तर मी कापून दुकानाच्या काचेला आतून चिकटवला आहे. पण त्याच पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट होती, ‘ही लक्षणे ओळखा’. पहिले लक्षण डोकेदुखी. खाली चक्कर, नाकातून रक्त, चेहरा लाल होणे. लेख किती जण वाचतात देव जाणे, चौकट मात्र सगळे वाचतात. बुधवारी सकाळी मी शटर अर्धेच वर केले होते, तेवढ्यात नेहमीचे एक गृहस्थ वाकून आत डोकावले. “ताई, काल पेपरात आलंय ना, वाचलंत का? माझं तर डोकं दुखतच नाही. या महिन्याची गोळी राहू द्या. पुढच्या महिन्यात बघू.”

पुढच्या महिन्यात बघू, हे मी गेली सव्वीस वर्षे ऐकते आहे. परळच्या भोईवाड्यात एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. दुकान माझे नाही, काउंटर माझा आहे असे मी समजते. केईएमला आणि टाटाला आलेल्या पेशंटचे नातेवाईक, चाळीतले जुने भाडेकरू आणि नव्या टॉवरमधली मंडळी, अशी तिन्ही गिऱ्हाइके आमच्याकडे येतात. त्यांचे एरवी कशावर पटायचे नाही, पण एका बाबतीत तिघांचे एकमत आहे. डोके दुखले म्हणजे बीपी वाढले, डोके शांत तर बीपी शांत.

त्यातून काय काय होते ते काउंटरच्या या बाजूने दिसते. कुणी महिन्याच्या तीस गोळ्यांऐवजी पट्टी कापून चारच मागतो, “लागेल तशी घेतो.” एका आजोबांनी २०१९ ची चिठ्ठी लॅमिनेट करून घेतली आहे, डोके जड झाले की ती चिठ्ठी घेऊन येतात, एरवी ती देव्हाऱ्यामागे असते. आता अमलोडिपीनसारखी बीपीची गोळी घेतल्यावर तिचा जोर चढायलाच सहा ते बारा तास लागतात आणि तिचा पुरता परिणाम बसायला ती रोज घेऊन आठवडा जातो. डोके ठणकले म्हणून घेतली आणि दोन तासांत उतरले, तर ते गोळीने उतरलेले नसते. आपोआप उतरायचेच असते ते. पण श्रेय गोळीला जाते आणि आजोबांचा सिद्धांत आणखी पक्का होतो.

मी हे ठासून लिहिते आहे, कारण माझ्या घरात हाच सिद्धांत दोन्ही बाजूंनी उलटा पडलेला मी पाहिला आहे.

मला एकोणिसाव्या वर्षापासून अर्धशिशी आहे. डाव्या भुवईच्या वर कुणी आतून हातोडीने ठोकावे तसे सुरू होते. मग ट्यूबलाइट नको, कुकरची शिट्टी नको, शेजारच्यांच्या लसणाच्या फोडणीचा वास तर नकोच नको. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी निदान करून टाकले, “हिला बीपी आहे.” जेवताना पानातले मीठ बंद झाले. पुढे डॉक्टरांनी अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केली. ही गोळी रक्तदाबालाही वापरतात, हे वरच्या मजल्यावरच्या एका काकूंना ठाऊक होते. झाले, निदानावर शिक्कामोर्तब! माझा रक्तदाब तेव्हाही ११०-७० होता आणि आज छप्पन्नाव्या वर्षीही त्याच्या आसपासच आहे. हे मी फार्मासिस्ट असून घरात कुणाला पटवू शकले नाही. सासूबाई गेल्या त्या मला बीपी आहे असे मानूनच.

आणि त्याच घरात माझे थोरले दीर. भाऊजी प्रभादेवीच्या एका छापखान्यात बायंडर होते. चाळीस वर्षे उभ्याने काम. डोकेदुखी म्हणजे काय हे त्यांना खरोखर माहीत नव्हते. बामची बाटली घरात होती ती माझ्यासाठी. सदुसष्टाव्या वर्षी मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी एका शिबिरात गेले आणि तिथून परत पाठवले गेले. कागदावर लिहिले होते १९४/११२. भाऊजी घरी येऊन हसत होते. “मशीन बिघडलेलं असणार. माझं डोकं कधी दुखलंय का?” 

गोळ्या सुरू झाल्या. रक्तदाब उतरला, डोळ्याचे ऑपरेशन झाले. आणि आता गंमत ऐका. अमलोडिपीन सुरू केल्यावर पहिले काही दिवस काहींचे डोके दुखते, घोट्यांना सूज येते. रक्तवाहिन्या सैल पडतात त्याचा तो परिणाम. डॉक्टरांना सांगितले तर डोस किंवा गोळी बदलून देतात. भाऊजींचे डोके आयुष्यात पहिल्यांदा दुखले ते बीपीच्या गोळीने. त्यांनी कुणाला न सांगता ती बंद केली. डोके दुखायचे थांबले. म्हणजे त्यांच्या हिशेबाने बीपी बरे झाले.

पुढचे लिहायला मला जड जाते, पण लिहिते. भाऊजींचे डोके दुखत नसले तरी गुडघे दुखत. चाळीचे तीन जिने. ते संध्याकाळी दुकानावर यायचे आणि मी डायक्लोफिनॅकची पट्टी काढून द्यायची. चिठ्ठी? घरच्या माणसाला कसली चिठ्ठी मागायची! या जातीच्या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात, मूत्रपिंडावर ताण आणतात, बीपीच्या औषधाचा जोरही कमी करतात. हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. बीपीची गोळी त्यांनी सोडल्याचे मला माहीत नव्हते, हे खरे. पण मी विचारलेही नव्हते, हेही खरे. अडीच वर्षांनी पाय सुजले, भूक गेली, तेव्हा तपासण्या केल्या. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन २.३, म्हणजे बरेच वाढलेले. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली. डॉक्टरांनी विचारले, “कधी काही त्रास जाणवला नाही?” भाऊजी म्हणाले, “नाही हो. डोकंसुद्धा नाही दुखलं.”

तर महोदय, आपल्या पिवळ्या चौकटीवर माझा राग का आहे ते आपल्या लक्षात आले असेल.

ही समजूत काही आपल्या पुरवणीने जन्माला घातलेली नाही. १९१३ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर थिओडोर जेनवे यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये सकाळच्या डोकेदुखीचे वर्णन करून ठेवले आणि ते पुस्तकापुस्तकांतून पुढे चालत आले. त्या काळी रक्तदाबावर धड औषध नव्हते. डॉक्टरपर्यंत पोचणारा माणूस बराच बिघडलेला असायचा. मग १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधी पण मार्मिक पाहणी आली. ज्यांना आपल्याला रक्तदाब आहे हे आधी कळले होते, ते डोकेदुखीची तक्रार कितीतरी जास्त करत होते. ज्यांना कळलेले नव्हते, ते फारशी करत नव्हते. हे वाचले तेव्हा मी दुकानात एकटीच हसले. आमच्याकडे मशीनवर आकडा वाचून दाखवला की माणसाचा हात आपोआप कपाळाकडे जातो. रोज बघते.

त्याहून चकित करणारा अभ्यास नॉर्वेतला आहे, २००२ साली प्रसिद्ध झालेला. २२,६८५ प्रौढांचा रक्तदाब आधी मोजून ठेवला होता आणि ११ वर्षांनी त्यांना डोकेदुखीबद्दल विचारले. ज्यांचा वरचा आकडा १५० किंवा अधिक होता, त्यांच्यात साधी डोकेदुखी होण्याची शक्यता १४० च्या खालच्या लोकांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाली. जास्त नव्हे, कमी! रक्तदाब वाढला की वेदनेची जाणीव बोथट होत असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज. भाऊजींचे ‘माझं डोकं कधी दुखलं नाही’ मला त्यानंतर वेगळ्याच अर्थाने ऐकू येऊ लागले.

आपले एखादे डॉक्टर वाचक म्हणतील, बाई, एकच बाजू सांगता आहात. सांगते दुसरी. २००५ साली ९४ चाचण्या आणि सुमारे २४,००० माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा बीपीची औषधे घेणाऱ्यांत डोकेदुखी नकली, म्हणजे आत औषधच नसलेली, गोळी घेणाऱ्यांपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी आढळली. पण त्यांतल्या काही औषधांचा डोकेदुखीवर स्वतंत्र परिणाम असू शकतो. माझी प्रोप्रॅनोलॉल त्यांतलीच. आणि आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात तर स्पष्ट लिहिले आहे की सौम्य किंवा मध्यम वाढलेल्या रक्तदाबाने, म्हणजे १७९/१०९ पर्यंतच्या, डोके दुखत असल्याचे दिसत नाही. १५० ला डोके दुखले पाहिजे, असा काही नियम नाही. १७० लाही नाही.

बरे, उलट दिशेने मात्र संबंध आहे आणि तो कुणी सांगत नाही. दुखण्याने रक्तदाब चढतो. मागच्या अंगारकीला मासळीबाजारातल्या एक ओळखीच्या मावशी दुपारी तीनच्या सुमारास आल्या. पहाटेपासून पाण्याशिवाय काही नाही, डोके फुटतेय, हिंदमातापासून उन्हातून चालत आल्या होत्या. “बाई, नवऱ्याची बीपीची एक गोळी घेऊ का माझी मी?” मी त्यांना आत घेतले, सलाइनच्या खोक्यावर बसवले. आमच्याकडे खुर्ची ठेवायला जागा नाही, ते खोके हीच आमची ओपीडी. पट्टा बांधला, १५८/९६. त्यांनी लगेच माझ्याकडे ‘बघ, म्हटलं नव्हतं’ अशा नजरेने पाहिले. म्हटले, थांबा. समोरच्या गाडीवरून दोन केळी आणली, उपासाला चालतात. पंखा त्यांच्याकडे फिरवला. एक पॅरासिटामॉल दिली. मी इतर गिऱ्हाइके करत राहिले, त्या गणपतीचे काहीतरी पुटपुटत डोळे मिटून बसल्या. पाऊण तासाने पुन्हा मोजला, १३४/८४. नवऱ्याची गोळी घेऊन त्या पुन्हा उन्हात निघाल्या असत्या तर वाटेत कुठे घेरी येऊन पडल्या असत्या, कुणी सांगावे. पुढच्या आठवड्यात वेगवेगळ्या तीन दिवशी येऊन मोजून जा, असे त्यांना सांगितले. एका दिवशी आल्या, दोन दिवशी नाही. चालायचेच.

डोकेदुखी म्हटले की बीपी, या घाईत खरी कारणे मात्र तशीच राहतात. चष्म्याचा नंबर बदललेला असतो. रात्री घोरून घोरून श्वास अडकणाऱ्याचे डोके सकाळी जड असते आणि त्याचा रक्तदाबही वाढलेला असू शकतो. तिथे दोघांचे मूळ झोपेत असते. आणि सर्वांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे डोकेदुखीच्या गोळीनेच ज्याचे डोके दुखते ते. कॅफिन घातलेल्या मिश्र गोळ्या महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिने चालले की डोकेदुखी त्या गोळ्यांवरच पोसली जाते. आमच्याकडे रोज सकाळी साडेआठच्या लोकलच्या आधी एक गोळी आणि एक कटिंग घेणारे सहा-सात जण तरी आहेत. त्यांना सांगायला गेले की ते पुढच्या मेडिकलवर जातात.

डोकेदुखीला हसण्यावारी न्या, असे मात्र मी म्हणत नाही. रक्तदाब १८०/१२० च्या पुढे आणि सोबत भयंकर डोकेदुखी, उलटी, अंधारी, गोंधळल्यासारखे वागणे, बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हात किंवा पाय लुळा पडणे, छातीत दुखणे, धाप, यांतले काही असेल तर मेडिकलवर यायचे नाही, १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठायचे. वीज पडावी तशी एका क्षणात उठलेली, आयुष्यात कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी असेल तर रक्तदाब मोजत बसायचेही कारण नाही. आणि पाच महिने उलटलेली गर्भवती डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे दिसतात, छातीच्या खाली पोटात दुखते म्हणाली, तर तिथे १४०/९० हा आकडादेखील धोक्याचा आहे. तिला ‘उन्हाचं असेल’ म्हणून बाम देऊन घरी पाठवू नये.

मी दुकानात नवीन होते तेव्हा बीपी उतरवणाऱ्या निफेडिपीनची कॅप्सूल टाचणीने टोचून जिभेखाली पिळायची पद्धत होती. आकडा झरझर खाली यायचा, सगळे खूश. पुढे कळले की असा एकदम पाडलेला रक्तदाब मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पाडू शकतो, आणि डॉक्टरांनी ती पद्धत सोडली. काही जुनी माणसे अजून येतात, “ती जिभेखालची द्या.” टाचणीसुद्धा सोबत असते.

मोजण्याबद्दल एकदा लिहाच. मी पाहिले आहे, एका दवाखान्यात जिना चढून आलेल्या बाईचा पट्टा पोलक्याच्या बाहीवरून बांधला, ती सुनेबद्दल सांगत होती आणि आकडा लिहिला गेला. असा आकडा काय कामाचा! पाच मिनिटे गप्प बसायचे, पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. दंड उघडा आणि हृदयाच्या उंचीवर टेकवलेला. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचे. तुंबलेल्या पोटाने आकडा चढतो, हे ऐकून लोक हसतात. दोनदा मोजायचे. एका आकड्यावर आनंद नाही, घाबरणे नाही. महापालिकेच्या दवाखान्यांत आणि ‘आपला दवाखाना’त हे फुकट होते, त्यासाठी आजारी पडावे लागत नाही.

आणि मोजायचे कुणी? ज्यांचे काही दुखत नाही त्यांनी. महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांपैकी ३४ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला होता. म्हणजे आमच्या दुकानासमोर बसच्या रांगेत बारा जण उभे असतील तर त्यांतल्या चौघांना. मी काउंटरवरून कितीदा रांगेकडे बघत हे चौघे कोण असतील याचा अंदाज करते. चेहऱ्यावरून एकदाही सांगता आलेले नाही.

तेव्हा ती चौकट पुन्हा छापणार असाल तर डोकेदुखी पहिल्या ओळीतून काढा. तिच्या जागी ‘बहुतेकांना काहीही जाणवत नाही’ एवढेच ठळक छापा. जमल्यास त्याच मापाची, त्याच पिवळ्या रंगाची, त्याच कोपऱ्यात. लोकांनी ती कापून ठेवली असेल तर तिच्यावर चिकटवता येईल.

बुधवारच्या त्या गृहस्थांना मी गोळ्या दिल्या, पैसे पुढच्या महिन्यात द्या म्हटले. मालकांनी हे वाचले तर बोलतील, म्हणून कृपया माझे नाव छापू नये.

भाऊजींना हे पत्र काल रात्री वाचून दाखवले. ते आता रोज दोन गोळ्या घेतात, १३८/८२ असते, गुडघ्याला शेक देतात. सगळे ऐकून घेतल्यावर म्हणाले, “छापखान्यात मी चाळीस नाही, बेचाळीस वर्षं होतो. ते दुरुस्त कर.” वर खाडाखोड नको, म्हणून इथे दुरुस्त करते.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक
भोईवाडा, परळ, मुंबई